असईचा उतार

आमच्या पुतण्याची मुलगी यंदा नववींत आहे. श्रावणांतल्या एका दुपारीं ती वही घेऊन आमच्याजवळ आली व म्हणाली, "आजोबा, असईच्या लढाईंत आपण कां हरलों, याचें उत्तर बाईंनीं पांच ओळींत लिहून आणायला सांगितलें आहे." पांच ओळींचें उत्तर आमच्या जिभेवर तयारच होतें. शिक्षकीच्या बत्तीस वर्षांत आम्हीं तें किती वर्गांना लिहून दिलें असेल, याची गणती नाहीं. मराठ्यांनीं आपला गनिमी कावा टाकून परक्यांच्या धर्तीवर कवायती पलटणी उभारल्या. त्या पलटणींस इंग्रजांची शिस्त साधली नाहीं. म्हणून मूठभर इंग्रजी फौजेनें अफाट मराठी फौजेचा पराभव केला. मुलीनें तें सारें उतरून घेतलें, लेखणीचें टोंक दातांत धरलें आणि विचारलें, "म्हणजे आपले शिपाई पळाले का हो?" आम्ही 'होय' म्हणणार होतों. पण शब्द ओठाशीं येऊन अडला. ज्या लढाईचें कारण आम्ही बत्तीस वर्षें सांगत आलों, तिच्यांत कोण पळालें व कोण उभें राहिलें हें पाहण्याची तसदी आम्हीं कधीं घेतली नव्हती.

पुढें महिनाभर आम्ही वाचीत होतों. वेलस्लीचे खलिते, त्याच्याबरोबर असलेल्या अंमलदारांच्या आठवणी, इकडील इतिहासकारांचीं पुस्तकें, जें जें हाताशीं लागलें तें पाहिलें. भाद्रपदांत गणपति बोळवल्यावर जालन्यास आमच्या मेहुण्यांच्या समाचारास जाणें प्राप्तच होतें. तेव्हां तसेंच पुढें असईपर्यंत जाऊन यावें, असें ठरविलें. बरोबर पुतण्या, त्याची ही मुलगी आणि आमचें कुटुंब. कुटुंबाला लढायांचें वेड नाहीं. पण वाटेंत राजूरचा गणपति लागतो, हें समजतांच तिनें आनंदानें रुकार दिला.

जालन्याहून उत्तरेस निघालेली मोटार राजुरास थांबते. उंचवट्यावरील त्या देवस्थानाचें दर्शन घेऊन आम्ही दुपारच्या आंत भोकरदनास पोहोंचलों. भोकरदन हें नांव ऐकून आज कोणाच्या डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं. पण हें प्राचीन भोगवर्धन होय. सांची व भारहूत येथील स्तूपांना दानें देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनाचा उल्लेख आहे, आणि येथील उत्खननांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति निघाली, तिच्यासारखीच मूर्ति इटलींत पाँपेई येथें राखेखालीं सांपडलेली आहे. एवढ्या जुन्या व्यापाराच्या गांवीं चहा मात्र आम्हांस फारच पातळ मिळाला. गांव केळणा नदीच्या कांठीं आहे. ही केळणा आणि तिच्या उत्तरेकडून वाहणारी जुई, या दोन नद्या पूर्वेकडे जवळजवळ येत जातात व पुढें एकमेकींस मिळतात. त्यांच्यामध्यें पाचरीसारखी जी निमुळती जमीन राहते, तिच्यावर, जुईच्या कांठाला, भोकरदनापासून सुमारें तीन कोसांवर असई हें खेडें आहे. दिनांक २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा तळ भोकरदनापासून असईपर्यंत पसरला होता.

हें युद्ध कशामुळें लागलें, तें येथें थोडक्यांतच सांगतों; कारण तें सांगण्यास आम्हांस सुख होत नाहीं. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडल्या, दुसरे बाजीराव पळून वसईस गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं तह करून त्यांची फौज आपल्या पदरीं बांधून घेतली. तो तह शिंदे व भोसले यांनीं मानला नाहीं. मग १८०३ च्या ऑगस्टांत इंग्रजांनीं युद्ध पुकारलें. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला. दक्षिणेंतील इंग्रजी सैन्याचा मुख्य मेजर-जनरल आर्थर वेलस्ली हा चौतीस वर्षांचा होता व त्याचा वडील भाऊ त्या वेळीं गव्हर्नर-जनरल होता. पुढें वाटर्लूस नेपोलियनचा पाडाव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. दौलतराव तर अवघे चोवीस वर्षांचे.

२१ सप्टेंबरला बदनापुरास वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची गांठ पडली. मध्यें डोंगर आहेत, त्यांच्या दोन बाजूंनीं दोन सैन्यांनीं जावें आणि २४ तारखेस भोकरदनाजवळ एकत्र होऊन हल्ला करावा, असा बेत ठरला. २३ ला सकाळीं सात कोसांची मजल मारून वेलस्ली नळणीस आला, तों त्यास कळलें कीं शत्रु उद्यांच्या वाटेवर नसून तीन कोसांवर समोरच आहे. स्टीव्हन्सन दूर होता. वेलस्लीनें सामानसुमान एका पलटणीच्या पहाऱ्यांत नळणीसच ठेविलें आणि उरलेलें सैन्य घेऊन तो पुढें निघाला. लढाईंत घालण्याजोगी त्याची कवायती फौज सुमारें साडेचार हजार होती. त्यांत गोरे थोडेच. बहुतेक मद्रासकडचे शिपाई. शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे मिळून कांहीं हजार घोडेस्वार त्याच्याबरोबर होते.

होय, पेशव्यांचे. हें वाक्य आम्हीं वर्गांत कधीं उच्चारलें नव्हतें. पुस्तकांत 'इंग्रज विरुद्ध मराठे' असें छापलेलें असे आणि आम्हीही तेवढेंच सांगत असूं. केळणेच्या दक्षिण तीरावर, इंग्रजांची पाठ राखीत, शिंद्यांच्या घोडदळावर नजर ठेवून जे स्वार त्या दिवशीं उभे होते, त्यांत पुण्याच्या धन्याचे स्वार होते. मुलीला हें सांगितलें तेव्हां तिनें वहींत कांहीं लिहिलें नाहीं. फक्त आईचा फोन आला म्हणून ती उठून गेली. आम्हांस मात्र तें सांगून बराच वेळ चैन पडली नाहीं.

भोकरदनाहून भाड्याची जीप करून आम्ही आधीं केळणेच्या दक्षिण बाजूनें खालीं गेलों. वेलस्ली ज्या बाजूनें आला, त्याच बाजूनें प्रथम पाहावें, असा आमचा हट्ट होता. नदीचे कांठ उभे, काळ्या मातीचे व पावसानें कापलेले आहेत. वरून पाहिलें असतां, तोफा घेऊन येथून उतरावें असें शहाण्या माणसाच्या मनांत येणार नाहीं. पलीकडच्या तीरावर शिंद्यांच्या कवायती पलटणी नदीकडे तोंड करून, पुढें शंभराच्या आसपास तोफा मांडून उभ्या होत्या. समोरून नदी ओलांडणें म्हणजे मरण. तेव्हां वेलस्लीनें आपल्या उजव्या हाताला, म्हणजे नदीच्या ओघाच्या दिशेनें नजर टाकली. तेथें त्यास एक गांव या कांठीं व दुसरें त्या कांठीं, अशीं समोरासमोर दोन गांवें दिसलीं. इंग्रजी कागदांत त्यांचीं नांवें पीपलगांव व वारूर अशीं आहेत. आपण पिंपळगांव व वरूड म्हणूं. येथें उतार आहे काय, असें त्यानें वाटाड्यांस विचारलें. वाटाडे म्हणाले, नाहीं. पुन्हां विचारलें, पुन्हां नाहीं. पण वेलस्लीनें मनाशीं विचार केला कीं, नदीच्या दोन कांठांवर माणसें इतकीं जवळ जवळ गांवें वसवितात, तीं एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय असल्यावांचून वसविणार नाहींत. माणूस पाठवून पाहिलें तों खरोखरच उतार होता.

तर्कसंग्रह शिकलेल्यास हा प्रकार ओळखीचा वाटेल. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों. येथें धुराच्या जागीं दोन गांवें आणि अग्नीच्या जागीं उतार. आमचे मीमांसेचे गुरुजी असते तर म्हणाले असते कीं, हें अनुमान नव्हे, ही अर्थापत्ति. देवदत्त दिवसा जेवत नाहीं आणि तरी लठ्ठ आहे, तेव्हां तो रात्रीं जेवत असलाच पाहिजे, तशांतला हा प्रकार. हा वाद आम्ही कांठावर उभ्याउभ्या पुतण्याशीं घालूं लागलों, तेव्हां कुटुंबानें 'आधीं सावली पाहा' असें सुचविलें.

त्या वाटाड्यांविषयीं आमच्या मनांत विचार येत राहिला. त्या मुलुखांतल्या माणसांस उतार ठाऊक नसेल, हें संभवत नाहीं. आम्हांस तरी वाटतें कीं ते खोटें बोलले, आणि आपल्या परीनें त्यांनीं बरेंच केलें. आम्ही बाभळीखालीं बसलों असतां पलीकडून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी खालीं उतरली. तिनें लुगडें वर खोचलें आणि सरळ न येतां, प्रवाहांत तिरकी वळणें घेत, गुडघाभर पाण्यांतून ती आमच्या बाजूस आली. जेथें पाऊल टाकावयाचें तेथेंच तें पडत होतें. खालीं पाहण्याचें तिला कारणच नव्हतें.

"मावशी, नदीला उतार तो हाच का?" आम्हीं विचारलें.

"उतार कशाचा, बाबा? वाटच हाय ही. म्हायेर माजं पल्याड, दिली अल्याड," म्हातारी म्हणाली, आणि भारा सांवरून चढण चढून गेली.

मुलगी हंसली. आम्ही मात्र तेवढ्या एका वाक्यावर घटकाभर बसून राहिलों. वेलस्लीला जें दोन गांवें पाहून तर्कानें काढावें लागलें, तें या बाजूच्या सासुरवाशिणींना, गुराख्यांना, बाजारकऱ्यांना नित्याचें होतें. या नदीच्याच कांठीं दोन राजांचे तळ पडले होते. बरोबर वीस ते तीस हजार घोडेस्वार, कारभारी, कारकून, जासूद. त्यांच्यापैकीं एकानेंही त्या गांवच्या पाटलास बोलावून 'येथें नदी कोठें कोठें ओलांडतां?' एवढें विचारलें असतें आणि त्या उतारावर दोन तोफा व एक पलटण बसविली असती, तर वेलस्लीची मोठीच अडचण झाली असती. उतारावर चौकी नव्हती. दुरून तोफांचे गोळे येत होते. पाण्यांतून जातांना वेलस्लीच्या अगदीं जवळ असलेल्या एका स्वाराचें डोकें गोळ्यानें उडालें, पण सैन्य पार झालें.

जीप त्या वाटेनें जाण्यासारखी नव्हती. तेव्हां लांबच्या रस्त्यानें वळसा घालून आम्ही असईस गेलों. दोन नद्यांमधल्या त्या पाचरींत आज कपाशी, मका, तूर आणि मिरची आहे. शेतें इतकीं सपाट कीं लपावयास बांधावांचून आडोसा नाहीं. गांवांतील एक वृद्ध शेतकरी आम्हांस रान दाखविण्यास आले. त्यांना आम्ही 'पाटील' म्हणालों तेव्हां 'पाटील आमी न्हाई गुरुजी, पर म्हना' असें म्हणून ते पुढें चालूं लागले.

येथें उभें राहिल्यावर पहिली गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती ही. शिंद्यांच्या पलटणींचें तोंड दक्षिणेस, केळणेकडे होतें. वेलस्ली उतारावरून आला तो त्यांच्या डाव्या कुशीवर. अशा वेळीं ढिली फौज असती तर तेथेंच तिचा गोंधळ झाला असता. पण पोलमन नांवाच्या हनोव्हरच्या जर्मन सरदाराच्या हुकमतीखालीं असलेल्या त्या पलटणींनीं, शत्रु समोर दिसत असतां, सबंध रांग काटकोनांत फिरविली. उजवी बाजू केळणेला, डावी बाजू असई गांवाला टेकलेली, तोंड पूर्वेस, तोफा पुढें. अशी नवी रांग त्यांनीं वेळेंत उभी केली. वेलस्लीस हें त्यांना जमेल असें वाटलें नव्हतें. शाळेच्या मैदानावर चाळीस मुलांची रांग काटकोनांत फिरवितांना आमच्या घशाला कोरड पडत असे. येथें दहा हजारांवर शिपाई आणि सगळा तोफखाना होता. 'त्या पलटणींस शिस्त साधली नाहीं' हें आमचें वाक्य तेथेंच, त्या कपाशीच्या बांधावर, निकालांत निघालें.

या पलटणी महादजी शिंद्यांनीं द ब्वान्य या सावोय प्रांतांतल्या सरदाराकडून तयार करविल्या. आपल्याकडे त्याला डिबॉईन म्हणतात. शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानांतले, रजपूत, ब्राह्मण, मुसलमान. तोफा आग्र्याच्या कारखान्यांत संगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या हाताखालीं ओतलेल्या. बेगम समरूच्या पलटणी आणि दुपाँ नांवाच्या डच सरदाराचें पथकही त्या दिवशीं होतें. कंपनीनें ऑगस्टांतच जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरींतील इंग्रज अंमलदारांस पगाराचें आमिष दाखवून बोलावून घेतलें होतें, आणि कित्येक गेलेही. म्हणजे शिपायांना शिकविणारे अर्धेअधिक निघून गेले होते. शिकविलेलें मात्र गेलें नव्हतें.

दुपारीं तीनच्या सुमारास तोफांची सरबत्ती सुरू झाली. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मारले गेले आणि त्यांच्या तोफा मागें पडल्या. मग वेलस्लीनें तोफांचा विचार सोडून पायदळास संगिनी लावून सरळ पुढें जाण्याचा हुकूम दिला. केळणेच्या बाजूस असलेली ७८ वी हायलंडर पलटण जवळ जाऊन एकदम बार काढून तुटून पडली. तिच्या शेजारच्या मद्रासी पलटणीही तशाच घुसल्या. तोफांपाशीं गोलंदाज जागच्या जागीं मेले. तोफा सोडून ते हटले नाहींत. उजव्या बाजूस मात्र इंग्रजांचें गणित चुकलें. पहाऱ्याच्या तुकड्यांचा नायक हुकमापेक्षां जास्त उजवीकडे, थेट असई गांवाकडे गेला, आणि ७४ वी पलटण त्याच्या मागोमाग गेली. गांव तोफांनीं आणि पायदळानें भरलेलें होतें. त्या आगींत पहाऱ्याच्या तुकड्या जवळजवळ नाहींशा झाल्या. ७४ व्या पलटणींतील पांचशेच्या आसपास शिपायांपैकीं सुमारें चारशे मेले किंवा जखमी झाले; उरलेल्यांनीं प्रेतांचा आडोसा करून जीव धरला. कर्नल मॅक्सवेलनें घोडदळ घालून त्यांना सोडविलें.

"गांवाभंवती मातीची भिंत व्हती म्हनत्यात," आमचे वाटाडे म्हणाले. "आतां काई न्हाई." मग ते थोडा वेळ थांबले आणि बंडीच्या खिशांतून त्यांनीं एक काळपट गोळी काढली. शिशाची, बोराएवढी, एका अंगास चपटी झालेली. नांगरटींत सांपडली म्हणाले. पहिला मोठा पाऊस झाला कीं कधीं कधीं अशा वर येतात. मुलीनें ती हातांत घेतली व लगेच परत दिली. तिला तिचें वजन अपेक्षेपेक्षां जास्त वाटलें असावें.

लढाईंतला यापुढचा भाग आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. इंग्रजांची रांग तोफा जिंकून पुढें निघून गेली. तोफांजवळ पडलेल्या गोलंदाजांतले पुष्कळसे मेलेले नव्हते. मेल्याचें सोंग घेऊन पडले होते. इंग्रज पुढें जातांच ते उठले, त्यांनीं तोफा फिरविल्या आणि मागून इंग्रजांवरच गोळे टाकूं लागले. समोर पोलमननें पलटणी जुईच्या कांठीं पाठ लावून पुन्हां उभ्या केल्या होत्या. वेलस्लीला स्वतः मागें फिरून ७८ वी पलटण व एक घोडदळाचें पथक घेऊन त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. त्या दिवशीं त्याचा एक घोडा गोळीनें पडला, दुसऱ्याला भाला लागला. शेवटच्या हल्ल्यांत मॅक्सवेल ठार झाला. सायंकाळीं सहाच्या सुमारास शिंद्यांच्या पलटणी जुई ओलांडून उत्तरेकडे गेल्या. त्या उधळल्या नाहींत. रांगा राखून गेल्या. त्यांच्या पाठीवर जाण्याचें त्राण इंग्रजांत उरलें नव्हतें. ते प्रेतांमध्येंच रात्रभर पडून राहिले.

"मग पळालें कोण?" मुलीनें पुन्हां विचारलें. या वेळीं आमच्याजवळ उत्तर होतें. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले लढाई रंगांत येण्यापूर्वींच रणांगण सोडून गेले. त्यांचें घोडदळ बहुतेक भोकरदनाच्या बाजूस होतें. तें फारसें लढलेंच नाहीं. नळणीस इंग्रजांचें सारें सामान एका पलटणीच्या राखणीवर पडलें होतें. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं येऊन पोहोंचला, तोंवर वेलस्ली एकटा होता, जखमींनीं गांजलेला होता. सामान लुटावें, रसद तोडावी, थकलेल्या शत्रूस रात्रभर झोंपूं देऊं नये, हेंच गनिमी काव्याचें काम ना? तें करण्यास वीस-तीस हजार स्वार मोकळे होते. तेव्हां कवायतीनें गनिमी काव्याचा घात केला, असें आम्हीं जें शिकविलें तें उलटें होतें. त्या दिवशीं कवायतीच्या लोकांनीं आपलें काम केलें. गनिमी काव्याचें काम मात्र कोणी केलें नाहीं, कारण तें करा असें सांगणारा धनी जागेवर नव्हता.

एक अपवाद नमूद केला पाहिजे. शिंद्यांचे मुख्य कारभारी यादवराव भास्कर हे रणांत राहिले, जखमी झाले आणि कांहीं दिवसांनीं वारले. लेखणीचा माणूस राहिला व तरवारीचे धनी गेले, यावर आमच्या पुतण्यानें ब्राह्मणांच्या शौर्याविषयीं दोन शब्द बोलण्यास आरंभ केला होता. पण आम्हीं त्यास केळणेच्या पलीकडे, दक्षिण तीराकडे बोट करून दाखविलें. तेथें पेशव्यांचे स्वार उभे होते. तो गप्प झाला.

इंग्रजांचीं सुमारें सोळाशें माणसें मेलीं वा जखमी झालीं, म्हणजे लढलेल्यांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक. शिंद्यांकडील सुमारें बाराशे मृत रणांत सांपडले, जखमी त्याहून पुष्कळ जास्त. आणि अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. पुढें म्हातारपणीं वेलिंग्टनला कोणीं विचारलें कीं, आपल्या हातून झालेली सर्वांत उत्तम लढाई कोणती, तेव्हां त्यानें वाटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें. हें प्रशस्तिपत्र ज्या शत्रूमुळें त्यास मिळालें, त्यांची दाद त्यांच्या स्वतःच्या धन्यांनीं कधीं घेतली नाहीं. पोलमन पुढें कंपनीच्या चाकरींत गेला. २९ नोव्हेंबरला अडगांव, १५ डिसेंबरला गाविलगड, मग १७ डिसेंबरला भोसल्यांचा देवगांवचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांचा सुर्जी-अंजनगांवचा तह. वर्ष संपण्याच्या आंत दोघांनीं सह्या करून टाकल्या. तिकडे उत्तरेंत अलीगड, दिल्ली, लासवारी येथें याच पलटणींचे भाऊबंद तसेच लढले आणि तसेच गेले. ज्या मद्रासी शिपायांनीं असई जिंकली, त्यांच्या वारशाचा हत्ती आजही आपल्या हिंदी सैन्यांतील मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहे.

असईच्या रानांत दोन माणसें आमच्या मनांत पुन्हां पुन्हां येत होतीं. एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुंबईस ज्याच्या नांवाचें कॉलेज आहे तो. त्या वेळीं तो तेवीस वर्षांचा होता आणि त्या दिवशीं वेलस्लीच्या जवळ घोड्यावर होता. पंधरा वर्षांनीं पेशवाई बुडाली तेव्हां तिचा कारभार हातांत घेणारा तोच. दुसरे बापू गोखले. १८०३ च्या मोहिमेंत पेशव्यांच्या पथकासह ते वेलस्लीच्या सैन्याबरोबर होते. आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीस त्याच इंग्रजांशीं लढतांना रणांत पडले. त्यांची थोरवी आम्ही नेहमीं अष्टीपासून सांगत आलों. १८०३ सालीं ते कोणाच्या बाजूस होते हें मुलांना सांगितलें असतें तर अष्टी अधिक चांगली समजली असती, असें आतां वाटतें.

ऊन उतरलें तेव्हां आम्ही जुईच्या कांठीं गेलों. नदी लहान, चिखलाची. पलटणी येथून कशा पार झाल्या असतील त्या त्यांनाच ठाऊक. वाटाड्यांनीं पैसे घेतले नाहींत. 'मुलीला शिकवा' म्हणाले आणि ती चपटी गोळी तिच्या हातावर ठेवूं लागले. पण आम्हीं ती त्यांनाच ठेवावयास सांगितलें, कारण ती त्यांच्या शेतांतली. मिरच्यांची एक पुरचुंडी मात्र कुटुंबानें घेतली. जाणारांनीं भोकरदनाहून सकाळीं निघावें, उताराकडे आधीं जावें, पाणी बरोबर ठेवावें. रानांत सावली फार थोडी आहे. उन्हाळ्यांत जाऊं नये.

घरीं आल्यावर मुलीनें उत्तर पुन्हां लिहिलें. पांच ओळींत तें बसेना, अकरा झाल्या. उताराची गोष्ट तिनें घातली, गोलंदाजांची घातली, दोन राजे गेल्याचें घातलें आणि शेवटीं पेशव्यांचे स्वारही घातले. चाचणींत बाईंनीं तिला पांचांपैकीं दोन गुण दिले व समासांत 'मुद्देसूद लिहावें. गनिमी कावा राहिला' असा शेरा मारला. मुलगी रुसली होती. आम्हीं वही पाहिली. तांबड्या शाईचा तो शेरा आमच्या ओळखीचा होता. बत्तीस वर्षांपैकीं कोणत्याही वर्षीं हें उत्तर आमच्यापुढें आलें असतें, तर आम्हींही दोनच दिले असते.